हजार लिटर पाण्यात वीज किती?

तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत, जमिनीपासून 10 मीटर उंचीवर, हजार लिटरची भरलेली टाकी आहे. तिची स्थितिज ऊर्जा काढायला नववीचं सूत्र पुरतं: वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची. उत्तर 98,000 ज्यूल. आकडा भारदस्त वाटतो खरा, पण 10 वॅटचा एलईडी दिवा त्यावर जेमतेम पावणेतीन तास जळेल. विजेच्या बिलातलं एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल!

आता तेच पाणी कोयनेला न्या.

शिवसागर जलाशयातलं पाणी बोगद्यांतून सह्याद्री ओलांडतं आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहाकडे सुमारे पावणेपाचशे मीटर खाली उतरतं. इथे हजार लिटरमागे हिशेब सव्वा युनिटच्या थोडा वर जातो. घर्षण आणि यंत्रं त्यातला काही वाटा खातात, तो वेगळा.

खाली तोटीतून सुटणाऱ्या धारेचा वेग, घर्षण सोडलं तर, ताशी जवळजवळ साडेतीनशे किलोमीटर. ही धार पेल्टन चक्राच्या जोडवाट्यांवर आदळते. वाट्यांचा आकार असा, की पाणी दोन्ही अंगांनी जवळपास उलटं वळतं. संवेग नुसता थांबवण्यापेक्षा उलटा फिरवला, की बल जवळपास दुप्पट मिळतं. त्यातही खरी करामत वेगाची: वाटी धारेच्या साधारण निम्म्या वेगाने पळाली, तरच पाण्याची बहुतेक गतिज ऊर्जा चक्रात उतरते.

वेग गमावलेलं हे पाणी पुढे वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. कोयनेच्या मूळ वाटेने गेलं असतं, तर कृष्णेतून बंगालच्या उपसागरात पोचलं असतं.