होडीतून हरणाच्या शिकारीला

हरणाची शिकार म्हटली की आपल्याला आधी तुरुंग आठवतो. १९७२ च्या कायद्याने तिच्यावर बंदी आहे. न्यूझीलंडमध्ये मात्र सगळेच उलटे! तिथे हरीण मूळचे नाहीच. १८५१ पासून इंग्रजांनी हौसेने लाल हरणे आणून सोडली. खाणारा वाघ-बिबट्या कोणी नाही, तेव्हा ती वाढत गेली नि जंगलातली कोवळी रोपे फस्त करू लागली. म्हणून सरकार शिकारीचा परवाना फुकट देते. (बंदुकीचे लायसन्स वेगळे, आणि काही भागांसाठी सोडत निघते.)

ते आनाऊ सरोवराचा पश्चिम काठ डोंगराळ, बिनरस्त्याचा. जायचे होडीनेच. पाणी ४१७ मीटर खोल आणि गारठलेले. वारा सुटला की परतणे लांबते. म्हणून दोन दिवसांचा शिधा जास्त घ्यावा, रात्री होडी वर ओढून बांधावी. चावऱ्या चिलटांना परवाना लागत नाही, हेही ध्यानात असू द्या! नर शंभर किलोंच्या वर भरतो. तो खांद्यावरून काठापर्यंत आणायचा, तेव्हा फार वर चढू नये.

हंगाम मार्च-एप्रिलचा, नर माजावर येऊन ओरडतात तेव्हाचा. पण जनावर पुरते दिसल्याखेरीज चाप ओढायचा नाही. झुडपाआड ओरडणारा हा नराची नक्कल करणारा दुसरा शिकारीही असू शकतो.