विज्ञानकथा मालिकांतील सशक्त स्त्रिया आणि उभयलैंगिक पात्रे

मराठी वाचकाला ‘उभयलिंगी’ हा शब्द प्रथम भेटतो तो शाळेत, गांडुळाच्या धड्यात. एकाच देहात नर आणि मादी या दोहोंची जननेंद्रिये असणारा प्राणी, हा त्याचा जीवशास्त्रातील अर्थ. पुढे स्त्री व पुरुष या दोघांविषयीही ओढ वाटणाऱ्या माणसासाठी हाच शब्द वापरात आला आणि घोटाळा झाला. देहाची रचना कशी आहे आणि मन कोणावर जडते, या सर्वस्वी निराळ्या गोष्टी आहेत. म्हणून प्रस्तुत लेखात ‘उभयलैंगिक’ हा शब्द योजला आहे. ‘सशक्त स्त्री’ या संज्ञेचाही खुलासा करायला हवा. हाती बंदूक असलेली बाई एवढाच अर्थ येथे अभिप्रेत नाही. जिच्या निर्णयाने कथानक वळते आणि निर्णय चुकल्यास त्याचे खापर जी दुसऱ्याच्या माथी फोडत नाही, ती सशक्त स्त्री.

दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथेत प्रकाशापेक्षा वेगाने जाणारी याने चालतात, मेलेली माणसे परततात, झाडेही बोलतात. प्रेक्षक हे सारे निमूटपणे मान्य करतो. मात्र यानाची सूत्रे बाईच्या हाती आहेत किंवा एखाद्या नायकाचे स्त्रीवर आणि पुरुषावर सारखेच प्रेम बसते, हे दाखवताना निर्मात्यांना दीर्घकाळ काही ना काही सबब पुढे करावी लागली. कधी परग्रहाची, कधी दूरच्या शतकाची, कधी दुष्टपणाची. या प्रकाराचा इतिहास पाहायचा तर या सबबींचाच माग काढावा लागतो.

आरंभ पडद्यामागून झाला. बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली, तेव्हा तिच्या निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट यांना अठ्ठाविसावे वर्ष पुरे व्हायला चार दिवस बाकी होते. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौचे. पुरुषांनी भरलेल्या त्या संस्थेत एक तरुण स्त्री आणि एक भारतीय यांच्या हाती ही मालिका आली आणि त्या दोघांनी ती उभी केली. पडद्यावरच्या स्त्रीपात्रांकडे मात्र तेव्हा बहुधा किंचाळण्याचेच काम असे.

अमेरिकेत जीन रॉडनबेरी यांनी ‘स्टार ट्रेक’च्या पहिल्या नमुनाभागात मेजेल बॅरेट यांना यानाच्या उपप्रमुखाची भूमिका दिली होती. शांत, तर्कनिष्ठ, पुरुषांप्रमाणेच विजार घालणारी ही अधिकारी. वाहिनीने तो भाग नाकारला. बाई अधिकारपदावर नको म्हणून नाकारला, असे रॉडनबेरी सांगत. त्यांच्या काही सहकाऱ्यांनी मात्र पुढे निराळी कारणे नोंदवली आहेत. कारण काहीही असो, १९६६ मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा उपप्रमुख गेली होती आणि स्त्रियांच्या अंगावर आखूड झगे आले होते. बॅरेट यांच्या वाट्याला परिचारिकेची भूमिका आली. पुढे अनेक वर्षे यानाच्या संगणकाचा आवाज त्यांचाच होता. आज्ञा देण्याची जागा गेली आणि आज्ञा ऐकून उत्तर देण्याची जागा मिळाली, हा योगायोग सूचक आहे.

त्याच मालिकेत संदेशवहन अधिकारी उहुराची भूमिका निशेल निकोल्स यांनी केली. पहिल्या पर्वानंतर त्या मालिका सोडणार होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी गळ घातल्याने आपण थांबलो, असे त्या नेहमी सांगत. त्यांच्या वाट्याला संवाद थोडे आले, परंतु अवकाशयानाच्या मुख्य कक्षात एक कृष्णवर्णीय स्त्री काम करते आहे, हे दृश्य आठवड्यामागून आठवडे घरोघरी दिसत राहिले. नासाने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्त्रिया व कृष्णवर्णीय यांनी अंतराळवीर व्हावे म्हणून मोहीम काढली, तेव्हा तिचा प्रचार निकोल्स यांनीच केला. १९९२ साली अवकाशात गेलेल्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकी स्त्री मे जेमिसन या उहुराच्या चाहत्या. पुढच्याच वर्षी त्या ‘स्टार ट्रेक’च्या नव्या मालिकेत एका भागात छोट्या भूमिकेत दिसल्या. काल्पनिक पात्राचा असा रोकडा उपयोग क्वचितच झाला असेल.

तरीही मूळ मालिकेचा शेवट कडवट आहे. ३ जून १९६९ रोजी प्रक्षेपित झालेल्या अंतिम भागात एक स्त्री यानाचा प्रमुख कॅप्टन कर्क याच्याशी देहाची अदलाबदल करते, कारण यानप्रमुखपद स्त्रियांना मिळत नाही हे तिचे दुःख आहे. कथेने तिला वेडी ठरवून प्रश्न मिटवला. जिला सूत्रे हवीत तिने पुरुषाचा देह चोरावा, ही सबबीची परिसीमा होय. संपूर्ण मालिका जिच्याभोवती फिरते अशी यानप्रमुख स्त्री, कॅथरिन जेनवे, ‘स्टार ट्रेक’ कुळातील ‘व्हॉयेजर’ मालिकेतून अवतरायला जानेवारी १९९५ उजाडावा लागला.

उभयलैंगिकतेचे एक गंभीर चित्रणही याच कुळातील, ‘डीप स्पेस नाइन’ मालिकेत सापडते. तेथील ट्रिल नावाच्या लोकांत काही निवडक व्यक्तींच्या पोटात एक दीर्घायुषी सहजीवी प्राणी वास करतो. यजमान मेला की सहजीवी दुसऱ्या देहात जातो, आणि आधीच्या सर्व यजमानांच्या आठवणी बरोबर नेतो. मग यजमान पुरुष असो वा स्त्री. पुनर्जन्माच्या कथांवर वाढलेल्या मराठी माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. ३० ऑक्टोबर १९९५ रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘रीजॉइन्ड’ या भागात जॅड्झिया डॅक्स हिची गाठ लेनारा कान या शास्त्रज्ञ स्त्रीशी पडते. मागील जन्मी, म्हणजे मागील यजमानांच्या देहांत, हे दोन सहजीवी पतिपत्नी होते. पती अपघातात गेला होता. आता दोघीही स्त्रिया आहेत आणि जुनी ओढ जागी झाली आहे.

या भागाची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. ट्रिल समाजात पूर्वायुष्यातील नाते पुन्हा जोडणे निषिद्ध आहे. जो जोडील त्याला हद्दपारी, आणि हद्दपार यजमान मेला की त्याच्या सहजीव्याला नवा देह नाही. सर्व पात्रे याच निषेधाविषयी बोलतात. दोघी स्त्रिया आहेत, हा मुद्दा कोणाच्या तोंडी येतच नाही. प्रेक्षक तो मुद्दा मनात घेऊन बसलेला असतो आणि पडद्यावरचे लोक भलत्याच रूढीवर डोके फोडत असतात. रूढी किती कृत्रिम असते हे याहून शिताफीने सांगता आले नसते. चारच वर्षांपूर्वी, १९९१ मध्ये, ‘नेक्स्ट जनरेशन’ मालिकेत अशाच एका सहजीव्याच्या प्रेमात पडलेली डॉक्टर क्रशर त्याचा नवा देह स्त्रीचा आहे हे पाहून माघार घेते. त्या भागाशी तुलना केली म्हणजे मधल्या प्रवासाची कल्पना येते. अर्थात ‘रीजॉइन्ड’मध्येही लेनारा अखेर निघूनच जाते आणि दोघींच्या प्रेमाला गतजन्मीच्या विवाहाचा दाखला लागतो. सबब सुंदर असली तरी सबबच.

‘डीप स्पेस नाइन’मध्ये उभयलैंगिकतेच्या चित्रणाची काळी बाजूही आहे. १९९४ पासून अधूनमधून येणाऱ्या ‘आरसे-विश्वा’त प्रत्येक पात्राचे दुष्ट प्रतिरूप राहते. मालिकेतील अधिकारी किरा हिचे तेथील रूप क्रूर, विलासी आणि स्त्री-पुरुष दोघांवरही लोभ ठेवणारे दाखवले आहे. खऱ्या विश्वातील कर्तव्यकठोर किराला पुरुषच प्रिय. म्हणजे उभयलैंगिकता ही दुष्टपणाची खूण झाली, कथेत खलनायकाच्या कपाळावर व्रण असतो तशी. नाना व्हिझिटर यांनी ही भूमिका रंगवली झकास, पण तिने एका जुन्या गैरसमजाला खतपाणीच घातले.

सबबीशिवाय वागणारे एक पात्र त्याच काळात जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांच्या ‘बॅबिलॉन फाइव्ह’मध्ये होते. अंतराळस्थानकाची उपप्रमुख सुझन इव्हानोव्हा कडक शिस्तीची, खवचट बोलणारी रशियन अधिकारी आहे. तिचा पूर्वीचा प्रियकर पुरुष, तो पडद्यावर येऊनही जातो. दुसऱ्या पर्वात टालिया विंटर्स या दुसऱ्यांचे मन वाचू शकणाऱ्या स्त्रीशी तिची जवळीक वाढते. हे सांगण्याची पद्धत अगदी अबोल आहे. टालिया तिच्याकडे मुक्कामाला येते. रात्री इव्हानोव्हा अर्धवट झोपेत पलंगावर शेजारी हात फिरवते, आणि जागा रिकामी असते. एवढेच. टालियाच्या मनात पेरलेले शत्रूचे दुसरे व्यक्तिमत्त्व जागे होते आणि ती कायमची हरवते. पुढच्या पर्वात इव्हानोव्हा एका वाक्यात कबुली देते, की आपले बहुधा तिच्यावर प्रेम होते. प्रस्तुत लेखकाला त्या ‘बहुधा’त मालिकेचा भित्रेपणा दिसत नाही. जिने मनाची दारे सर्वांनाच बंद ठेवली, त्या स्त्रीला तो शब्द शोभतो.

ब्रिटनमध्ये २००५ साली रसेल टी. डेव्हिस यांनी ‘डॉक्टर हू’चे पुनरुज्जीवन केले आणि कॅप्टन जॅक हार्कनेस हे पात्र आणले. तो एकावन्नाव्या शतकातला. त्या काळी माणसे आकाशगंगाभर पसरलेली असल्याने कोणी कोणावर प्रेम करावे याची बंधने उरलेली नाहीत, असे मालिकेचा नायक डॉक्टरच आपल्या सहप्रवासी रोझला समजावतो. शतकाची ही सबब झाली. परंतु पर्वाच्या अखेरच्या भागात, मरणाची खात्री असलेला जॅक रोझचे चुंबन घेतो, लगेच डॉक्टरचेही तसेच घेतो आणि लढायला निघून जातो. संध्याकाळी घरातली लहानथोर मंडळी एकत्र बसून पाहतात अशा मालिकेत हे घडले आणि कोणत्याही पात्राने भुवई उंचावली नाही. पुढे २००६ पासून ‘टॉर्चवुड’ ही स्वतंत्र मालिका जॅकभोवती उभी राहिली. तिच्यात त्याचा साथीदार इआन्टो जोन्स हा आजच्याच काळातला साधा वेल्श तरुण. त्याची आधीची प्रेयसी स्त्री. बहीण खोदून विचारते तेव्हा तो सांगतो, की पुरुष म्हणून नव्हे, हा एकच माणूस आवडतो. एकावन्नाव्या शतकाचा आधार येथे लागला नाही.

तो लागला नाही, आणि इआन्टो मेला. २००९ च्या जुलैत सलग पाच रात्री चाललेल्या कथेतील चौथ्या रात्री. कार्डिफच्या धक्क्यावर, जेथे मालिकेतील गुप्त कार्यालयाचे दार दाखवले होते, तेथील लाकडी भिंतीवर चाहत्यांनी पत्रे, फुले, छायाचित्रे लावली. काल्पनिक माणसाचे ते स्मारक वर्षानुवर्षे टिकून राहिले. ‘बॅटलस्टार गॅलक्टिका’तील फेलिक्स गेटाचेही असेच झाले: एका लघुमालिकेतून तो उभयलैंगिक असल्याचे कळले आणि अल्पावधीतच बंडखोरीबद्दल त्याला गोळ्या घातल्या गेल्या. ही मालिका रोनाल्ड मूर यांची, जे ‘रीजॉइन्ड’च्या पटकथेचे एक लेखक होते. स्त्रियांच्या बाबतीत त्यांनी येथे मोठी झेप घेतली. १९७८ च्या मूळ मालिकेतील स्टारबक हा पुरुष वैमानिक त्यांनी स्त्री केला, आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या क्रमात त्रेचाळिसाव्या असलेल्या शिक्षणमंत्री लॉरा रोझलिनकडे उरल्यासुरल्या मानवजातीची सत्ता सोपवली.

‘द हंड्रेड’ या मालिकेची नायिका क्लार्क उभयलैंगिक आहे आणि ती जगते. तिची प्रेयसी लेक्सा मात्र ३ मार्च २०१६ च्या भागात, दोघींच्या मीलनानंतर काही क्षणांतच, क्लार्कवर झाडलेली गोळी लागून मरते. या वेळी प्रेक्षक नुसते हळहळले नाहीत. त्यांनी समलैंगिक तरुणांच्या आत्महत्या रोखणाऱ्या संस्थेसाठी निधी उभारला, निर्मात्याला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली आणि पुढच्या वर्षी लास व्हेगासमध्ये या जोडीच्या नावाने ‘क्लेक्साकॉन’ हे संमेलन भरले. योगायोग असा, की त्याच २०१६ च्या ऑक्टोबरात ‘ब्लॅक मिरर’चा ‘सॅन जुनिपेरो’ हा भाग आला. त्यात केली ही वृद्धा एकोणपन्नास वर्षे पुरुषाशी संसार केलेली, नवऱ्यावर मनापासून प्रेम केलेली, आणि आता एका स्त्रीच्या प्रेमात पडलेली आहे. नवे प्रेम खरे म्हणून जुने खोटे, असे ती म्हणू देत नाही. उभयलैंगिक माणसाविषयीचा सर्वांत चिवट गैरसमज येथे मोडला गेला. या भागाला एमी पुरस्कार मिळाले.

मराठी वाचकाचे कान टवकारतील असे एक नाव ‘सेन्स एट’ या मालिकेत आहे: काला दांडेकर. वाचोवस्की भगिनी आणि वर उल्लेखलेले स्ट्रॅझिन्स्की यांच्या या मालिकेत जगभरचे आठ जण मनाने व संवेदनांनी जोडलेले आहेत. काला ही मुंबईतील औषधशास्त्रज्ञ, गणपतीची निस्सीम भक्त. तिचे वडील उपाहारगृह चालवतात. ती भूमिका अनुपम खेर यांची. ते घर दांडेकरांचे कमी आणि हिंदी चित्रपटातले अधिक वाटते, हे मान्य करावे लागेल. लग्नाच्या मांडवात तिला बर्लिनचा वोल्फगांग विवस्त्र उभा दिसतो, इतर कोणालाच नाही, आणि ती भोवळ येऊन पडते. ८ जून २०१८ च्या अंतिम भागात ती, तिचा नवरा राजन आणि वोल्फगांग असे तिघेही एकत्र येतात. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ६ सप्टेंबरला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. आठांची मने एकच, तेव्हा स्त्री-पुरुष भेद उरणार कोठून, ही या मालिकेची सबब आजवरच्या सर्व सबबींत भव्य.

‘द एक्स्पान्स’मध्ये सबब नाही. कॅमिना ड्रमर ही लघुग्रहपट्ट्यात वाढलेली यानप्रमुख. तिचे कुटुंब म्हणजे अनेक स्त्री-पुरुषांचा एक विवाह. याचे स्पष्टीकरण कोणी देत नाही, कोणी मागतही नाही. घरात भांडणे होतात ती युद्धात कोणाची बाजू घ्यावी यावरून. १४ जानेवारी २०२२ च्या अखेरच्या भागात नव्या वाहतूक संघाचे अध्यक्षपद नायक होल्डेनला दिले जाते. समोर संयुक्त राष्ट्रांच्या प्रमुख क्रिसजेन अवसरला बसल्या आहेत. सारा आराखडा त्यांनी आखलेला. होल्डेन पद स्वीकारतो, तेथल्या तेथे राजीनामा देतो आणि ते ड्रमरच्या हाती सोपवतो.