रोजा, डोळ्याचे थेंब आणि काचबिंदूची शस्त्रक्रिया

मगरिबच्या अजानला अजून अर्धा तास असतो. दस्तरखानवर खजूर, कापलेले टरबूज, भजी आणि रूहअफजाचा जग मांडलेला असतो. त्याच्या शेजारी औषधांचा डबा असतो आणि त्यात डोळ्याच्या थेंबांच्या तीन बाटल्या. अब्बांच्या उजव्या डोळ्याची काचबिंदूची शस्त्रक्रिया होऊन दहा-बारा दिवस झालेले असतात. दर तीन तासांनी घालायचा थेंब सहेरीनंतर एकदाही घातलेला नसतो. सून आठवण करून देते, तेव्हा अब्बा म्हणतात, ‘‘इफ्तार झाल्यावर घालू, बेटा. उगाच रोजा मकरूह नको.’’

असे घर मोमिनपुऱ्यात असू शकते, टेका नाक्यावर असू शकते किंवा जाफरनगरातही. गेली काही वर्षे रमजान मार्चच्या आसपास येतो आहे आणि जागतिक काचबिंदू सप्ताहही मार्चमध्येच पाळला जातो. मार्चच्या मध्यावर नागपुरात रोजा सुमारे तेरा तासांचा होतो. नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याला तेरा तास औषध न मिळणे ही किरकोळ गोष्ट नाही.

भरू द्यायची नाही अशी जखम

डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि सूक्ष्म जाळीतून बाहेर पडतो. ही जाळी नीट काम करेनाशी झाली की डोळ्यातला दाब वाढतो. साधारणपणे हा दाब 10 ते 21 मिलिमीटर पारा इतका असतो. दाबामुळे मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस हळूहळू सुकते. बहुतेकांना यात दुखत नाही आणि समोरचे दिसत राहते. नजर कडेकडेने कमी होत जाते. भारतात चाळिशीपुढच्या सुमारे 1 कोटी 12 लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज 2010 साली मांडला गेला होता. त्यातल्या बहुसंख्यांना आपल्याला हा आजार आहे हेच ठाऊक नसते.

थेंबांनी दाब आटोक्यात आला नाही, तर शस्त्रक्रिया करावी लागते. ट्रॅबेक्युलेक्टॉमी ही 1968 मध्ये रूढ झालेली शस्त्रक्रिया आजही सर्वाधिक ओळखीची आहे. तिच्यात डोळ्याच्या पांढऱ्या भागात वरच्या पापणीखाली एक छोटी वाट केली जाते. आतला द्रव तिथून बाहेर येऊन पातळ पडद्याखाली साठतो आणि छोटा फुगवटा तयार होतो. डॉक्टर त्याला ‘ब्लेब’ म्हणतात.

मोतीबिंदूपेक्षा ही शस्त्रक्रिया वेगळी आहे, आणि गैरसमज इथेच होतो. मोतीबिंदूत गढूळ झालेले भिंग काढले की दिसू लागते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. शस्त्रक्रिया उरलेली नजर राखण्यासाठी असते. इतर कुठलीही जखम लवकर भरावी असे वाटते. इथे मात्र केलेली वाट शरीराने बुजवू नये, म्हणून डॉक्टर झटत असतात. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरचे आठवडे शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे ठरतात.

काय बिघडू शकते आणि त्यावर उपाय काय

पहिला धोका पाणी जास्त वाहण्याचा. टाक्याजवळून द्रव झिरपला किंवा वाट जास्त मोकळी राहिली, तर दाब 5 च्याही खाली जातो. डोळा मऊ पडतो, अंधुक दिसते, कधी आतल्या पडद्यामागे पाणी साचते. पुष्कळदा बाहुली मोठी करणारे थेंब, स्टेरॉइडचे थेंब आणि विश्रांती यांवर भागते. झिरपणाऱ्या जागेवर मोठी कॉन्टॅक्ट लेन्स बसवतात किंवा नवा टाका घालतात. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी काही दिवस जवळचे धूसर दिसते. रमजानमध्ये कुराण वाचता येईना म्हणून घाबरून हे थेंब बंद करणे चुकीचे आहे. तोवर तिलावत ऐकता येते.

दुसरा धोका वाट बुजण्याचा. वण धरू लागला की फुगवटा सपाट होतो आणि दाब पुन्हा चढतो. वण धरू नये म्हणूनच स्टेरॉइडचा थेंब दिवसातून सहा-आठ वेळा दिलेला असतो. तो फक्त सहेरी आणि इफ्तारला घातला, तर मधल्या तासांत सूज वाढते आणि वण धरण्याची शक्यता वाढते. वेळेत लक्षात आले, तर डॉक्टर लेसरने एखादा टाका सैल करतात किंवा बारीक सुईने वण मोकळा करून तिथे औषध देतात. उशीर झाला, तर पुन्हा शस्त्रक्रिया किंवा द्रव बाहेर नेणारी नळी बसवणे हे पर्याय उरतात. मदुराईच्या ऑरोलॅबने अशी नळी देशातच तयार केल्याने परदेशी नळीपेक्षा ती बरीच स्वस्त पडते.

तिसरा धोका जंतुसंसर्गाचा. तो महिन्यांनी, अगदी काही वर्षांनीही होऊ शकतो, कारण फुगवट्यावरचा पडदा पातळ असतो. डोळा लाल होणे, दुखणे, उजेड सहन न होणे, नजर अचानक धूसर होणे किंवा चिकट घाण येणे, यांतले एकही लक्षण दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तपासणीनंतर तासातासाला अँटिबायोटिकचे थेंब घालावे लागतात. संसर्ग आत शिरला असेल तर डोळ्यात इंजेक्शन द्यावे लागते. ‘ईद झाल्यावर दाखवू’ म्हणेपर्यंत डोळा हातचा जाऊ शकतो.

दीन काय सांगतो

कुराणाच्या दुसऱ्या सूरहमध्ये, अल-बकरात, 184 आणि 185 या आयतींत आजारी माणसाला रोजे इतर दिवसांत पूर्ण करण्याची मुभा दिलेली आहे. डोळ्याच्या थेंबांसाठी तर बहुतेकांना तेवढीही गरज पडत नाही. हनफी परंपरेत सुरमा किंवा डोळ्यातील औषधाने रोजा तुटत नाही, चव घशात जाणवली तरीही. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1997 मध्ये जेद्दाह येथील अधिवेशनात डोळ्याचे थेंब रोजा मोडणाऱ्या गोष्टींत धरलेले नाहीत. मालिकी परंपरेत याबाबत वेगळे मत आहे. ज्याच्या मनात शंका असेल त्याने आपल्या इमामसाहेबांना विचारावे, पण विचारण्याआधी औषध बंद करू नये.

थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे हलकेच दाबला, तर औषध घशात कमी उतरते आणि डोळ्यात जास्त टिकते. शस्त्रक्रिया ताजी असेल, तर बोट फुगवट्यापासून दूर कसे ठेवायचे हे आधी डॉक्टरांकडून शिकून घ्यावे. दोन थेंबांमध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. गोळ्यांनी मात्र रोजा सुटतो. त्यांच्या वेळा सहेरी-इफ्तारला बसवता येतील का, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. बसत नसतील, तर ते रोजे नंतर कजा करता येतात.

वजूचेही तसेच आहे. पहिले काही आठवडे डोळ्यात नळाचे पाणी जाऊ द्यायचे नसते. धुण्याने अपाय होत असेल तर त्या भागावर ओला हात फिरवणे, आणि तेही चालत नसेल तर तो भाग सोडणे, अशी सवलत आहे. तरावीहच्या 20 रकातींत 40 सजदे होतात. डोके खाली गेले की डोळ्यातला दाब वाढतो आणि मऊ पडलेल्या डोळ्यात रक्तस्रावाचा धोका असतो. डॉक्टरांनी वाकू नका असे सांगितले असेल, तर खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज अदा होते.

घरच्यांनी काय पाहायचे

इफ्तारला तहानेने एका दमात लिटरभर पाणी पिणाऱ्याच्या डोळ्यातला दाब तात्पुरता चढतो. डॉक्टर या गोष्टीचा उपयोग तपासणीसाठीही करतात. म्हणून पाणी घोटाघोटाने प्यावे. फजरनंतर डोळा लागतो, तेव्हाही डोळ्यावरची प्लास्टिकची ढाल लावलेली असावी. मोमिनपुऱ्यातल्या रात्रीच्या बाजारात शेगडीचा धूर आणि धूळ असते, तिथे गॉगल हवा. सुरमा, गुलाबपाणी, मध यांतले काहीही ऑपरेशनच्या डोळ्यात घालू नये, ईदच्या दिवशीसुद्धा नाही. याच सुमारास होळी येते. शेजारच्या काकांची अशी शस्त्रक्रिया झाली असेल, तर रंगापासून त्यांनीही तितकेच जपायला हवे. चैत्र नवरात्राच्या उपवासातही थेंबांचे वेळापत्रक बदलत नाही.

मोमिनपुऱ्याला लागूनच मेयो रुग्णालय आहे. शहरात मेडिकल आहे, मिहानमध्ये एम्स आहे. दूर असते ते दवाखान्यात सोबत येणारे माणूस, आणि पुष्कळ घरांत दर महिन्याच्या थेंबांचा खर्चही. रमजानमध्ये अडीच टक्के जकात काढणाऱ्यांनी गल्लीतल्या एखाद्या गरजू रुग्णाच्या वर्षभराच्या थेंबांचा विचार जरूर करावा. कुठल्याही धर्माच्या शेजाऱ्याला तपासणीच्या दिवशी गाडीवर बसवून नेणे, हेही तेवढेच मोलाचे.

आणि त्या घरातल्या सुनेने इफ्तारपर्यंत थांबू नये. बाटली उघडून म्हणावे, ‘‘अब्बा, वर बघा. थेंबाने रोजा जात नाही.’’