डोंगर आणि दर्या – भाग ७ : एका नजरेला दिशा, दोन नजरांना जागा

मागच्या दोन भागांत आपण पालघरच्या किनाऱ्यावर केळव्याच्या पाणकोटात आणि माहीमच्या किल्ल्यात होतो. आज वडराईहून होडीत बसू. किनारा सोडताना मागे ताडाची आणि सुरूची झाडंच दिसतात. माहीमच्या वाड्या, पानमळे सगळं त्यांच्या आड. होडी आत जाईल तशी झाडांची रेघ बसकी होत जाते आणि तिच्या पाठीमागून डोंगर वर येऊ लागतात. त्यातला एक माथा चटकन ओळखू येतो. बाकीचे डोंगर उतरत्या खांद्यांचे, याच्या डोक्यावर मात्र कोणी दगडी पेटी आणून ठेवल्यासारखा चौकोनी कातळ. तो काळदुर्ग.

जीपीएस हातात येण्याआधी तांडेलाला हे माथे पाठ असावे लागत. पाण्याखालचा खडक कुठे, मासळी लागली ती जागा कुठली, हे लक्षात ठेवायचं तर पाण्यावर खूण करता येत नाही, ती जमिनीवरची घ्यावी लागते. एखादा डोंगर देवळाच्या कळसाच्या किंवा उंच ताडाच्या बरोबर मागे आला की एक रेघ मिळते. पण त्या रेघेवर होडी कुठेही असू शकते. दुसऱ्या बाजूची अशीच जोडी जुळली की दोन रेघा एकमेकींना छेदतात आणि जागा हाती लागते. वडराईच्या एका म्हाताऱ्या तांडेलानं मला हे ओल्या वाळूत काठीनं रेघा ओढून दाखवलं होतं. दोन रेघा जवळजवळ एकाच दिशेच्या निघाल्या तर फसगत होते, काटकोनात छेदल्या तरच भरवसा, हेही त्यानं काठी आडवी-उभी धरून समजावलं. तेव्हापासून शिखर असो वा मनोरा, मी पहिल्यांदा विचारतो, याचा जोडीदार कुठे आहे?

आता उंचीचा हिशेब. पृथ्वी गोल असल्यामुळे पुळणीवर उभ्या माणसाला समुद्राचं क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर दिसतं, त्यापलीकडचं पाणी वाकून खाली गेलेलं असतं. डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला ३.६ नं गुणा. आला क्षितिजाचा पल्ला किलोमीटरमध्ये. दहा मीटर उंचीच्या बुरुजावरून तो अकरा किलोमीटरच्या पुढे जातो. काळदुर्ग सुमारे दीड हजार फूट, म्हणजे साडेचारशे मीटरच्या घरात. तिथून हाच हिशेब पंचाहत्तर किलोमीटरच्या वर भरतो. या गणितात एक मेख आहे. पल्ला दुप्पट करायचा तर उंची चौपट करावी लागते. बुरूज कितीही उंच बांधत गेलात तरी खर्चाच्या मानानं नजर फार पुढे सरकत नाही. म्हणून जुन्या लोकांनी डोंगर धरले.

मग किनाऱ्यावर केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर अशी ठाणी कशाला? कारण लांबचं दिसणं आणि ओळखू येणं या दोन वेगळ्या गोष्टी. निरोगी डोळ्याला दहा किलोमीटरवर तीन मीटरच्या आतलं काही वेगळं ओळखू येत नाही. डोंगरावरून किनाऱ्यालगतच्या गलबताचं शीड दिसेल, पण त्यावर कोण आहे, किती माणसं आहेत, ते व्यापाराला आलं की मारामारीला, हे कळणार नाही. ते बुरुजावरचा पहारेकरी सांगेल. त्याला आधी दिसते डोलकाठी, मग शीड, मग नाळ, आणि तोवर वेळ कमी उरलेला असतो. डोंगर आगाऊ खबर देतो, बुरूज खात्री करतो. दोघांना एकमेकांशी बोलता आलं नाही तर दोघेही अर्धे. जगभर यासाठी एकच युक्ती चालत आली आहे, दिवसा धूर आणि रात्री जाळ.

यात वेळेचाही प्रश्न आहे. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि समुद्र लख्ख दिसतो. दुपार कलली की पाण्यावर चकाकी येते, डोळे दिपतात, समोरची होडीही त्यात हरवते. वैशाखात खाऱ्या दमटपणाचा असा पडदा असतो की पंचाहत्तर किलोमीटरचं गणित पाच-दहावर येतं. पावसाळ्यात तर काहीच दिसत नाही, पण तेव्हा गलबतंही फिरत नसत. पाऊस सरल्यावर हवा धुऊन निघालेली असते. काळदुर्गावर जायचं तर कार्तिकात, आणि सकाळी.

डोंगर आणि बुरूज यांच्या या साखळीची परीक्षा १७३९ साली झाली. पोर्तुगीजांनी १५५६ मध्ये अशेरी घेतली होती. मनोरजवळचा हा उंच कातळी किल्ला त्यांच्या उत्तर टापूची मागची बाजू राखत होता. भोवतालचं सागवानही त्यांना मोलाचं होतं. त्यांचं राजचिन्ह कोरलेला दगड आजही गडावर पाहायला मिळतो. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही किनाऱ्यावरची ठाणी एकामागून एक पडली. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. त्यापाठोपाठ अशेरीही मराठ्यांकडे आली, आणि मे महिन्यात वसई. अशेरीचा कातळ तासून उभा केल्यासारखा आहे, थोड्या माणसांनी राखता येईल असा. पण किनाऱ्याकडून कुमक येणार नाही, खबरही येणार नाही, अशा अवस्थेत नुसता कातळ किती दिवस पुरणार? इतिहासाच्या पुस्तकांत या किल्ल्यांची नावं एकेक करून येतात. नकाशावर ती दोऱ्यानं जोडून पाहा, चित्र बदलतं.

काळदुर्गाची वाट पालघर–मनोर रस्त्यावरच्या वाघोबा खिंडीतून निघते. तिथे वाघोबाचं देऊळ आहे, जाणारी-येणारी गाडी हात जोडून पुढे जाते. वारली समाजात वाघोबा हा भीतीपोटी दूर ठेवायचा देव नाही. त्याच्याशी करार आहे. आश्विनात वाघबारस येते, त्याला त्याचा मान मिळतो, त्यानं गुरांना आणि माणसांना सांभाळायचं. या रानात बिबटे आजही आहेत. चढ जेमतेम दीड तासाचा, वरचा थोडा भाग घसरडा, माथ्याजवळ कातळात कोरलेली पाण्याची टाकी. तटबंदी शोधत जाल तर निराश व्हाल. गडाचं बांधकाम इथे फारसं नव्हतंच. हा गड पाहण्यासाठी होता. अंधार पडायच्या आत खाली उतरा. ती वेळ आपली नाही.

जिथे डोंगरच नाही तिथे काय करायचं, हा प्रश्न भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणापुढे आला होता. विल्यम लॅम्ब्टननं १८०२ मध्ये मद्रासकडून सुरू केलेलं हे काम दख्खनच्या डोंगरांवरून सरकत गेलं. उत्तरेच्या सपाटीवर आमराया आडव्या येऊ लागल्या, तेव्हा जॉर्ज एव्हरेस्टनं सुमारे पन्नास फुटांचे मनोरे बांधून घेतले. तत्त्व तांडेलाचंच. दोन ठिकाणांहून तिसऱ्याकडे पाहायचं, कोन मोजायचे, जागा पक्की करायची.

हेच तत्त्व आज रानातही लागतं. वन विभागाच्या टेहळणी मनोऱ्यांचं मोठं काम वणव्याचं. आपलं रान पानझडीचं, साग, ऐन, मोह. शिमग्याच्या आसपास पानं गळून जमिनीवर कुरकुरीत थर साचतो. नेमक्या त्याच दिवसांत फांद्या उघड्या पडतात आणि उंचावरून रान आरपार दिसतं. धूर दिसला की मनोऱ्यावरच्या माणसाला दिशा सांगता येते, अंतर नाही. दिशेत एका अंशाची चूक झाली तर पंधरा किलोमीटरवर अडीचशे मीटरहून जास्त फरक पडतो. डोंगराळ रानात तेवढ्यात मधे एखादा ओढा किंवा कडा येतो, आणि विझवायला गेलेली माणसं भलत्याच उतारावर पोचतात. दुसऱ्या मनोऱ्यावरून तोच धूर कुठल्या अंशावर दिसतो हे कळलं की नकाशावर दोन रेघा मारायच्या. त्या छेदतील तिथे आग.

आता उपग्रह आहेत. भारतीय वन सर्वेक्षण संस्था त्यांच्या आधारे आगीच्या सूचना थेट मोबाइलवर पाठवते. त्यातला एक उपकरणसंच ३७५ मीटरच्या चौकोनात उष्णता ओळखतो. रात्री, दुर्गम भागात, ही फार मोठी मदत आहे आणि ती हवीच. पण उपग्रह ठरावीक वेळी डोक्यावरून जातो. मधल्या तासांत लागलेली आग पुढच्या फेरीपर्यंत थांबत नाही. शिवाय त्याला उष्णता दिसते, कारण दिसत नाही. पालघरच्या रानात उन्हाळ्यात प्रत्येक धूर वणवा नसतो. भाताच्या रोपासाठी जागा भाजायची म्हणून शेतकरी शेण, पालापाचोळा, गवत, कवळं यांचे थर रचून राब लावतात. मोहाची फुलं वेचताना झाडाखालचा पाला पेटवतात, म्हणजे पहाटे पडलेलं फूल दिसावं. राबाचा धूर खाचराच्या कडेनं एका जागी उभा राहतो आणि विरतो. वणव्याचा धूर उतारावर आडवा पसरत, वाऱ्याबरोबर सरकत राहतो. मोहाखालची आग मात्र पहिल्या प्रकारात सुरू होऊन दुसऱ्यात जाऊ शकते, आणि हे ओळखायला त्या रानात उन्हाळे काढलेला डोळा लागतो.

म्हणून चैत्रात एखादा वनरक्षक टेकाडावर उभा असतो, तेव्हा त्याच्या एका हातात मोबाइल असतो आणि दुसरा हात कपाळावर, उन्हाला आडवा. पलीकडच्या उतारावर धूर दिसतो. तो खालच्या पाड्यातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावतो आणि विचारतो, तुझ्या अंगणातून धूर दिसतो का? दिसतो ना, मग कुठल्या झाडाच्या मागे?