चीवराचा रंग आणि उरलेले पाणी

महावग्गातील चीवरक्खन्धकात रंगकामाचा तपशील आला आहे. प्रारंभी भिक्खू शेणाने व पिवळ्या मातीने चीवर रंगवीत; ते विद्रूप दिसे. तेव्हा भगवंतांनी मूळ, खोड, साल, पान, फूल व फळ या सहा रंगद्रव्यांस अनुज्ञा दिली. रंग उकळावा, तो पिकला की नाही हे पाण्यात वा नखाच्या पाठीवर थेंब टाकून पाहावे, आणि वाळत घातलेल्या वस्त्राचे ठिबकणे थांबेपर्यंत तेथून जाऊ नये, असेही तेथे सांगितले आहे.

समन्तपासादिका ही अट्ठकथा यास काही अपवाद जोडते. मुळांत हळद आणि फुलांत पळस व करडई वर्ज्य. फळांत मात्र काहीच वर्ज्य नाही. हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजारच्या वाचकास याचे नवल वाटेल, कारण हळद तर या जिल्ह्याचे प्रमुख पीक! काषाय वस्त्र भडक नसावे, हा यामागील हेतू असावा असे आम्हांस वाटते. हिरड्याचे फळ व बाभळीची साल मात्र या अपवादांत येत नाहीत.

उपासकांस हा निर्बंध नाही. सुती कापड आधी हिरड्याच्या व नंतर तुरटीच्या पाण्यातून काढून पळसफुलांच्या काढ्यात उकळले की पिवळा रंग चढतो. हळदीचा रंग लवकर चढतो. परंतु उन्हात विटतो.

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. रंग वनस्पतीचा म्हणून त्याचे सांडपाणी निर्विष ठरत नाही. रंग पक्का करण्यासाठी मोरचूद किंवा क्रोमियमचे क्षार वापरले, तर तेच पाणी घातक होते. म्हणून तुरटीच, तीही मोजून वापरावी.

उरलेल्या काढ्यात दुसरे कापड बुडविल्यास फिकी छटा मिळते. त्यानंतर त्यात तुरटी व थोडा थोडा धुण्याचा सोडा घातला की रंग साका होऊन तळाशी बसतो. तो गाळून, धुऊन, वाळवून डिंकाच्या पाण्यात खलला की चित्रांसाठी रंग तयार होतो. चोथा खतात जातो.

विनयात पर्यावरणशास्त्र शोधणे आम्हांस मान्य नाही. ठिबकण्याविषयीचा नियम रंग सारखा बसावा यासाठीच आहे. तथापि सजीव असलेले पाणी जाणूनबुजून गवतावर वा मातीवर ओतू नये, असा पाचित्तिय नियम आहेच. पाणी कोठे ओततो याचे भान ठेवणे, एवढे तरी त्यातून निश्चित घेता येते.