बालपणाचे कागद

सिडनीच्या क्वीन्स स्क्वेअरमध्ये लॉ कोर्ट्सची उंच इमारत आहे. न्यू साउथ वेल्स राज्याचं फौजदारी अपील न्यायालय तिथं बसतं. सुनावणी खुली असते. कुणीही जावं, मागच्या बाकावर बसावं. सिनेमातलं कोर्ट मनात धरून गेलेला माणूस मात्र अर्ध्या तासात जांभया देऊ लागेल. साक्षीदार नाहीत, ज्यूरी नाही, उलटतपासणी नाही. समोर तीन न्यायमूर्ती, खाली दोन्ही बाजूंचे वकील आणि त्यांच्यापुढे जाडजूड फायली. युक्तिवाद आधीच लेखी दिलेले असतात, त्यामुळे बोलणं बरंचसं पान क्रमांक आणि परिच्छेद क्रमांक यांतच चालतं. ज्याच्या आयुष्याबद्दल हे सगळं चाललंय तो कैदी बहुतेक वेळा तुरुंगातल्या एका खोलीतून व्हिडिओवर हजर असतो.

शिक्षेविरुद्धचं अपील म्हणजे दयेचा अर्ज नव्हे, हे इथं पहिल्या दहा मिनिटांत कळतं. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टानं, म्हणजे त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं, 1936 साली हाउस खटल्यात घालून दिलेली चौकट आजही चालते. खालच्या न्यायाधीशानं कायदा चुकीचा लावला का? गैरलागू गोष्ट धरली का, लागू असलेली सोडली का? तसं काही बोटानं दाखवता येत नसेल, तर निदान शिक्षा इतकी अवाजवी आहे का की कुठंतरी चूक झालीच असणार? ‘आम्ही असतो तर दोन वर्षं कमी दिली असती’ एवढ्यावर अपील मान्य होत नाही.

म्हणून वकील खालच्या न्यायाधीशाच्या शिक्षेच्या भाषणातलं एकेक वाक्य सोलत बसतात. आरोपी ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा मूलनिवासी असेल तर त्या भाषणात अनेकदा बालपणावर दोनचार परिच्छेद असतात: दारू, मारझोड, आज आजीकडे तर उद्या सरकारी पालकगृहात. बचावाचा मुद्दा ठरलेला असतो. न्यायाधीशांनी हे सांगितलं खरं, पण शिक्षा ठरवताना त्याचं केलं काय? सरकारी वकील म्हणतात, सांगितलं म्हणजे विचारात घेतलंच. सगळी मेख इथं आहे. ऑस्ट्रेलियात न्यायाधीशानं बालपणासाठी इतके महिने वजा, जुन्या गुन्ह्यांसाठी इतके अधिक, असा हिशेब मांडायचा नसतो. गुन्हा कबूल केल्याची सूट यांसारखे अपवाद सोडले तर बाकी सगळं एकत्र जोखून एकच आकडा द्यायचा. मग अपिलात तीन न्यायमूर्ती शिजून तयार झालेल्या आमटीत मीठ किती पडलं होतं ते शोधत बसतात.

या वादात सतत कानावर पडणारं नाव बगमी. विल्कॅनिया या आडगावचा हा ॲबोरिजिनल माणूस. लिहिता-वाचता येत नव्हतं, बाराव्या वर्षापासून बालसुधारगृहांत येजा, तेराव्या वर्षी दारू आणि नशा. ब्रोकन हिलच्या तुरुंगात असताना, भेटायला येणारी माणसं वेळेत पोचणार नाहीत या चिंतेतून त्याचा पारा चढला. त्यानं पूल टेबलावरचे चेंडू रक्षकांवर फेकले आणि एका रक्षकाचा डोळा गेला. झालेली शिक्षा सौम्य आहे म्हणून सरकारनं अपील केलं आणि राज्याच्या अपील न्यायालयानं ती वाढवली. माणूस वयानं वाढला, गुन्ह्यांची यादी लांबली, की बालपणाचं वजन हळूहळू ओसरतं, असं त्या न्यायालयाला वाटलं होतं.

ऑक्टोबर 2013 मध्ये हायकोर्टानं हे खोडून काढलं. लहानपणची खोल हानी काळानं विरत नाही. दरवेळी तिला पूर्ण वजन दिलंच पाहिजे. पण पूर्ण वजन म्हणजे कमी शिक्षा असं नाही, हेही त्याच निकालात आहे. त्याच बालपणामुळे माणसाचा नैतिक दोष कमी ठरतो आणि त्याच बालपणामुळे त्याला स्वतःवर ताबा ठेवता येत नसेल, तर इतरांना असलेला धोका वाढतो. तराजूच्या दोन्ही पारड्यांत तीच वस्तू.

त्याच दिवशी हायकोर्टानं मुंडा खटल्याचाही निकाल दिला. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका ॲबोरिजिनल माणसानं सोबत राहणाऱ्या स्त्रीला मारहाण केली आणि त्यात ती मेली. सव्वापाच वर्षांची शिक्षा अपिलात पावणेआठ वर्षांची झाली होती. हायकोर्टानं ती कायम ठेवली. मेलेली बाईही ॲबोरिजिनलच होती. मारणाऱ्याच्या परिस्थितीला वजन देताना मार खाणाऱ्या बायकांना कायद्याचं संरक्षण कमी पडता कामा नये, हा त्या निकालातला मुद्दा मला आजही टाळता येत नाही.

बगमीच्या वकिलांची एक मागणी मात्र फेटाळली गेली. कॅनडात 1999 च्या ग्लॅड्यू निकालापासून मूलनिवासी समाजावर पिढ्यान्‌पिढ्या झालेला अन्याय न्यायालयं आपणहून ध्यानात घेतात. तसं इथं करा, ही ती मागणी. हायकोर्टाचं उत्तर होतं: शिक्षा व्यक्तीला होते, समाजाला नव्हे, तेव्हा या माणसाचं काय झालं त्याचा पुरावा आणा.

तत्त्व म्हणून हे नेटकं आहे. व्यवहारात मात्र ज्याचं बालपण सर्वांत विस्कटलेलं, त्याच्याचकडे त्याचे कागद सर्वांत कमी असतात. मग वकिलाच्या कचेरीतून शाळेचे दाखले, बालकल्याण खात्याच्या फायली, दवाखान्याच्या नोंदी मागवल्या जातात. मानसशास्त्रज्ञाचा अहवाल करून घेतला जातो. लोकसंख्येत चार टक्क्यांहून कमी असलेला मूलनिवासी समाज ऑस्ट्रेलियाच्या तुरुंगांत एक तृतीयांशाहून जास्त आहे. 1991 साली तुरुंगांतला त्याचा वाटा 14 टक्के होता. म्हणजे हे कागद गोळा करण्याचं काम काही मोजक्या खटल्यांपुरतं नाही. त्याला हातभार म्हणून 2019 साली ‘बगमी बार बुक’ निघालं. पालक तुरुंगात असणं, गर्भात असताना आईच्या दारूचा झालेला परिणाम, लहानपणी वारंवार कान फुटल्यानं आलेला बहिरेपणा, अशा एकेका विषयावरचं संशोधन त्यात थोडक्यात दिलंय आणि ते थेट न्यायालयात सादर करता येतं. कानाचं प्रकरण मला फार मोलाचं वाटतं. वर्गात ऐकू न येणारं पोर ‘मठ्ठ’ ठरतं आणि मोठेपणी पोलिसांपुढे ‘उर्मट’.

अपिलात आणखी एक गंमत असते. नव्यानं आणलेली प्रतिज्ञापत्रं, कैद्यानं तुरुंगात केलेले अभ्यासक्रम, घरच्यांची पत्रं हे सगळं ‘नेहमीच्या अटीवर’ दाखल होतं: आधी चूक सिद्ध झाली तरच ते विचारात घ्यायचं. चूक सापडली, तर तेच न्यायमूर्ती नव्यानं शिक्षा ठरवायला बसतात, आणि तरीही कमी शिक्षा योग्य नाही असं त्यांना वाटलं, तर अपील फेटाळलं जातं.

बगमीचं प्रकरण हायकोर्टानं राज्याच्या अपील न्यायालयाकडे परत पाठवलं. 2014 मध्ये तिथं सरकारचं अपील फेटाळलं गेलं आणि जिल्हा न्यायालयानं दिलेली शिक्षा कायम राहिली. आज ज्याचा निकाल या इमारतीत उठता-बसता वाचला जातो, त्या माणसाच्या पदरात एवढंच पडलं: वाढवलेली शिक्षा टळली, मूळची एका दिवसानंही कमी झाली नाही.