आगळ विकतचं, दूध घरचं

खराडीत ईऑन आयटी पार्कच्या आसपासच्या सोसायट्यांत सोलकढी आता फोनवरून दारात येते. पाण्यात ढवळायची पावडर, गार बाटली, नाहीतर मालवणी थाळीबरोबरची इवलीशी वाटी. घरी करायची तर नारळ फोडण्यापासून सुरुवात. एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारलं तर त्यात चूक काही नाही.

कारण नारळात आहे. खवलेला चव, लसणाच्या दोन-तीन पाकळ्या, एखादी हिरवी मिरची आणि कोमट पाणी मिक्सरमधून काढायचं. पाणी कोमटच हवं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. डिसेंबरात सकाळचं नळाचं पाणी तसंच ओतलं, तर पांढरे कण भांड्याला चिकटून बसतात आणि फडक्यातून नुसतं पांढुरकं पाणी गळतं. कोमट पाण्यातला तोच चव पिळला की दाट दूध बोटांच्या फटींतून ओघळतं. पुन्हा पाणी घालून एकदा पिळावा; तिसऱ्यांदा पिळण्यात अर्थ नाही, माणूस कितीही काटकसरी असला तरी.

मग आगळ. हा मीठ घालून काढलेला कोकमाचा रस, म्हणून वरचं मीठ चाखूनच घालावं. पहिल्या चमच्याला दूध जेमतेम गुलाबी होतं, पुढे रंग धरतं. फारच झगझगीत गुलाबी वाटी समोर आली की मला बिटाचा संशय येतो.

आगळ मात्र मी खुशाल विकतचं आणते. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, उन्हाळ्यात पिकतात, कोकणात पिकतात, आणि पाऊस लागायच्या आत सगळं उरकावं लागतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आगळ करायचं तेच वर्षभर टिकावं म्हणून. बाटलीत त्याचं काही बिघडत नाही. दुधाचं आणि लसणाचं तसं नाही. नारळाचं दूध उन्हाळ्यात काही तासांत आंबतं, म्हणून कारखान्यात ते तापवावं लागतं, साय वेगळी होऊ नये म्हणून त्यात काहीबाही मिसळावं लागतं. आणि कच्च्या ठेचलेल्या लसणाचा झणका उष्णतेपुढे टिकत नाही. स्पेनमधल्या गझपाचोची, म्हणजे टोमॅटो, काकडी, लसूण आणि ऑलिव्ह तेलाच्या गार सूपची, हीच गत. तिथल्या दुकानांत ते खोक्यांतून मिळतं, पण पाश्चरीकरण झालं की कच्चेपणा गेलाच.

पावडरीबद्दल न बोललेलं बरं. बाटली अडीअडचणीला चालते, माशाच्या आमटीनंतर तर खपूनही जाते. एक मात्र खरं, बाटलीतली फ्रिजमध्ये एकसारखी राहते. घरचीवर पांढरा थर धरतो आणि पाहुणे हळूच विचारतात, फाटली का? फाटलेली नसते, खोबरेल थिजलेलं असतं. थोडा वेळ बाहेर ठेवून ढवळली की झालं. दुपारी केलेली रात्रीपर्यंत संपवावी.